त्या दुपारी साईडवर कोण होतं

माझी नात मला इथले अमानवीय अनुभव मोबाइलवरून वाचून दाखवते. घाटात गाडी बंद पडली... पांढऱ्या साडीतली बाई दिसली... विहिरीतून हाक आली... मी ऐकते आणि मेथी निवडत राहते. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, निम्मी नोकरी भोकरदनला, निम्मी जालन्याला. मेलेली माणसं मी इतकी पाहिलीत, की तुम्ही तितके जिवंत शेजारी पाहिले नसतील. त्यातलं एकही परत येऊन 'सिस्टर, पाणी द्या' म्हणालं न्हाई. बाहेरची बाधा झाली म्हणून कुणी पेशंट घेऊन आलं, की मी आधी सलाईन लावायची आणि मंग त्याच्या घरच्यांना दम भरायची. माझ्या तोंडाला लागायला डॉक्टरसुद्धा कचरायचे.

तर अशी मी. पण परवा नात म्हणाली, "आजी, मंग पणजोबांची गोष्ट काय? तिचं लॉजिक सांग." कार्टीला बरोबर ठाऊक आहे की तिथं माझी गाडी अडते. सांगता येईना, म्हणून लिहून राह्यले.

पणजोबा म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जालन्याच्या सूतगिरणीत ते कातणीच्या यंत्रावर होते. ज्या लेकरावरून हे सगळं घडलं, ते लेकरू मी. तेव्हा मी पाळण्यातली. मला स्वतःला काही आठवत न्हाई, हे आधीच सांगते, उगाच मागून उलटतपासणी नको. माय, दादा आणि त्यांचे दोस्त करीमचाचा, या तिघांकडून जे कळलं तेच लिहिते.

गिरणीचं नाव लिहीत न्हाई. मालक गेले, यंत्रं भंगारात गेली, त्या जागेवर प्लॉट पडून बंगले झाले. कुणाच्या बंगल्याचा भाव माझ्यामुळं कशाला पडायचा? पण गिरणी कशी आली ते सांगायला पाहिजे, न्हाईतर पुढचं समजायचं न्हाई.

निजामाचं राज्य होतं. जाफराबाद, भोकरदनकडून कापसाच्या बैलगाड्यांची रांग जालन्यात यायची ती दिवस मावळला तरी संपायची न्हाई. आधी इथं नुसते सरकी काढायचे आणि गठाणी बांधायचे कारखाने होते. आमची रुई रेल्वेनं मुंबईला जायची, आणि तिचंच सूत होऊन दुप्पट भावानं परत यायचं. मंग एका शेठला वाटलं, आपली रुई आपणच कातावी. त्यानं विलायतेतल्या कुठल्यातरी गिरणीची जुनी यंत्रं आणली. तिकडं जुनी, पण इकडं लोक ती बघायला भाकऱ्या बांधून यायचे. माझा आजा जाफराबादकडून कापसाची गाडी घेऊन आल्ता. त्यानं ते इंजिन पाहिलं, आणि गावात जाऊन छातीठोक सांगितलं की त्याला दर अमावस्येला माणूस लागतो. सगळ्या गावाला ते पटलं. त्याचाच पोरगा पुढं त्याच गिरणीत कामाला लागला. पोटाला भीती परवडत न्हाई.

दादा रिंगखात्यात होते. लांबच्या लांब यंत्र, त्याच्या दोन्ही अंगांना चात्यांची, म्हणजे गरगर फिरणाऱ्या कांड्यांची, रांग, आणि दर चातीवर वरून उतरणारी एक तार, म्हणजे सुताचा धागा. यंत्राच्या एका अंगाला साईड म्हणायचे आणि ती सांभाळणाऱ्याला साईडवाला. तार तुटली की त्यानं पळत जाऊन सांधायची. दिवसभर हेच. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, हवेत ओल म्हणून न्हाई. ओठ फुटतात तशा तारा तुटायच्या. त्यासाठी खिडक्या लावून घ्यायचे, फरशीवर पाणी मारायचे, तरी एक सांधली की दुसरी गेलीच. आणि तार तशीच राहिली, की वरून येणारी रुई रुळाला गुंडाळून गच्च गुंता व्हायचा. मंग मुकादम, आणि मंग घर.

आवाज इतका, की शेजारच्या साईडवाल्याच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसता वारा लागायचा. म्हणून सगळं बोलणं खुणांनी. दोन बोटं ओठाला म्हणजे बिडी. डोक्याभोवती हात फिरवला म्हणजे पागोटंवाला, मुकादम आला. दोन हातांचा पाळणा म्हणजे लेकरू. दादांना त्याची इतकी सवय, की घरीसुद्धा ते खुणेनंच भाकर मागायचे. माय म्हणायची, "तोंड गिरणीतच ठिवून आले का?"

माय पण त्याच गिरणीत, रीलखात्यात. तिथं सगळ्या बायाच. कातलेलं सूत फाळक्यावर, म्हणजे फिरत्या चौकटीवर, गुंडाळून त्याच्या लडी करायच्या, त्या विणकरांकडं जायच्या. बायांची तान्ही लेकरं तिथंच, खात्याच्या मागच्या पडवीत, झोळीत. गोदामाय म्हणून एक म्हातारी ती सांभाळायची. एवढी लेकरं एक बाई कशी सांभाळेल? अफूनं. मोहरीएवढी गोळी आईच्या दुधात घोळून द्यायची, लेकरू दुपारपर्यंत गप्प. आज ऐकून तुमच्या अंगावर काटा येईल. पण तेव्हा दुकानात उघड मिळायची, आणि घराघरात द्यायचे. मी नोकरीला लागल्यावर यावरून मायशी कडाकडा भांडले, तर ती म्हणाली, "तू जगलीस का न्हाई? मंग."

फक्त एक काळजी घ्यायच्या. जी बाई घरूनच गोळी देऊन यायची, ती लेकराच्या टाचेला काजळाचं बोट लावायची. गोदामाय आधी टाच पाहायची. काळं दिसलं तर दिलीय. टाच कोरी, तर द्यायची. लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं, पण ही पद्धत कधी चुकली नव्हती म्हणे.

त्या दिवशी चुकली. वैशाख होता, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सुटी, कारण निजामाच्या राज्यात आठवड्याची सुटी जुम्म्याला. मला दात येऊन राह्यले होते आणि मी रात्रभर कुणाला झोपू दिलं नव्हतं. मायनं भोंग्याच्या आधीच गोळी दिली, टाचेला काजळ लावलं, गिरणीत आली. उकाड्यानं मी लालबुंद झालेली. तिनं आत जाता जाता नळावर फडकं ओलं केलं आणि मला डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. काजळ गेलं. तिच्या ते ध्यानातच आलं न्हाई. पुढं मी किरकिरले, गोदामायनं टाच पाहिली, कोरी होती, तिनं गोळी दिली.

दोघींनी आपापल्या जागी बरोबरच केलं होतं. अफू जास्त झाली की लेकरू झोपलेलं दिसतं, पण ते झोपलेलं नसतं. ते श्वास घ्यायचं विसरत जातं. मी पुढं वॉर्डात अशी लेकरं हातात घेतलीत. सगळीच वाचली न्हाईत.

जेवणाच्या सुटीनंतर शेवंता म्हणून एक रीलवाली पडवीत गेली आणि तिला माझे ओठ निळे दिसले. मायनं मला उचललं तर मान लुळी. माय तिथंच मट्कन खाली बसली. म्हणून शेवंताच रिंगखात्याकडं पळाली.

इथून पुढचं दादांच्या तोंडचं. ते हे सांगताना कधीच काही गाळायचे न्हाईत, स्वतःच्या कमीपणाचंसुद्धा.

"शेवंता दारात उभी व्हती. बाया आत येत न्हवत्या. तिनं हाताचा पाळणा केला, अन् मंग दोन्ही हात सोडून देले. लोंबते. मला बराबर समजलं."

"मंग?"

"मंग मी मशीनकडं पाह्यलं."

त्याच आठवड्यात एका साईडवाल्याला काढलं होतं. भाऊ परगावी निघाला म्हणून तो न विचारता स्टेशनला पोचवायला गेल्ता, तेवढ्यात त्याची साईड गुंतली. त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी नवा माणूस. फाटकाबाहेर अशी माणसं रोज बसलेली असायची. लढाईचे दिवस, धान्य महाग, घरात म्हातारा-म्हातारी. दादांच्या समोर तारा तुटत होत्या.

"माझ्या मनात आलं," दादा म्हणायचे, "तिची माय हाय तिकडं. पाहील ती. मी जाऊन काय करणार? असं आलं मनात. मी काही देव न्हाई."

"मंग गेलात कसे?"

"तेच तर याद न्हाई. बिलकुल याद न्हाई. मशीनकडं पाह्यलं एवढं आठवतं. त्याच्यानंतर मी रीलखात्यात, अन् तू माझ्या हातात. मधलं दार कधी ओलांडलं, आंगण कधी ओलांडलं, काही न्हाई."

त्यापुढचं मात्र सगळं आठवत होतं. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, माठातल्या पाण्यात बुडवलं, मला त्यात गुंडाळलं. मायला हाताला धरून उठवलं. फाटकावर अरब पहारेकरी असायचा, अशांना सगळे चाऊसच म्हणायचे. मुकादमाच्या चिठ्ठीशिवाय तो मुंगीसुद्धा बाहेर सोडायचा न्हाई. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट फाटक उघडलं. दोघं भर उन्हात पळत मस्तगडापाशी युनानी दवाखान्यात गेले. हकीमसाहेब जेवून आडवे झालेले. त्यांनी माझी पापणी वर केली आणि एवढंच म्हणाले, "इसको सोने नक्को देव. सोई तो गई समझो."

मंग सुरू झालं. दादा मला खांद्यावर घेऊन ओसरीवर येरझाऱ्या घालून राह्यले, माय तळपायाला चिमटे घेऊन राह्यली, हकीमसाहेब मधून मधून कोऱ्या कॉफीचे थेंब ओठात सोडून राह्यले. मी श्वास सोडला की दादा थांबायचे, आणि घेतला की चालायचे. माय म्हणायची, "तुझ्यापेक्षा ह्यांचाच श्वास मोजायची येळ आल्ती." दिवेलागणीच्या आधी मी रडले. मांजराच्या पिलासारखं, पण रडले. हकीमसाहेबांनी हात जोडले म्हणे, देवाला का दादांना ते माहीत न्हाई.

इथपर्यंत अमानवीय काही न्हाई. बाप लेकराला घेऊन पळाला, लेकरू वाचलं. गावोगाव होतं.

मी हाती लागले तशी दादांना नोकरी आठवली. साईड अर्धा दिवस वाऱ्यावर सोडलेली. मुकादमाच्या पाया पडावं म्हणून ते गिरणीकडं निघाले, तर भोंगा होऊन माणसं बाहेर पडत होती. समोरून करीमचाचा आले. करीमचाचांची साईड दादांच्या शेजारची, दोघांची तोंडं दिवसभर समोरासमोर. चाचा रागातच होते.

"क्या मियाँ, आज क्या हुआ तुमको? पानी दिया तो पानी नक्को, बिडी दिया तो बिडी नक्को. मेरे से क्या नाराजी है?"

दादांना वाटलं, चाचा टोमणा मारून राह्यलेत. ते म्हणाले, "करीमभाई, पोरगी मरता मरता वाचली. मी हकीमाकडं व्हतो."

"कब?"

"दुपारपासून."

चाचा हसले. मंग हसायचे थांबले. "मजाक नक्को करो. तुम तो इदरीच थे. मैं देख रहा ना. मुंडासा उतार के काम कर रहे थे, बालों में रुई जम के पूरा बुड्ढा दिख रहे थे." असं म्हणून त्यांनी दादांच्या डोक्यावरून हात फिरवला. रिंगखात्यात रुईचा बारीक भुसा सारखा उडत असायचा, उघड्या डोक्यावर घडीभरात पांढरा थर बसायचा. दादांचे केस काळेभोर. घामानं ओले, पण रुईचा कण न्हाई. चाचांनी हात मागं घेतला आणि घराकडं चालू लागले.

तेवढ्यात मुकादम आला. दादा पाया पडायला वाकले, तर त्यानं उलट पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे. पोरीचं समजलं व्हतं मला. मी तुझ्यापाशी येऊन खुणेनं इचारलं का न्हाई, लेकराकडं जातो का, साईड मी पाहतो? तू मान हलवलीस. न्हाई म्हणालास. असा माणूस पायजे गिरणीला."

दादा आत गेले. यंत्र थांबलेलं. रुळाला गुंता न्हाई, खाली तुटलेल्या तारांचा कचरा न्हाई, सुताच्या सगळ्या बाबिणी सारख्या भरलेल्या. ते म्हणायचे, "वैशाखात अशी साईड माझ्या हातून कधी निघली न्हाई. त्याच्या आधी न्हाई, त्याच्यानंतर न्हाई."

घरी येऊन त्यांनी हे मायला सांगितलं. मायचं डोकं आधीच फिरलेलं. "मुकादमाला ऊन लागलं असंल," ती म्हणाली. "तुम्ही साईडवर, तर मंग पोरीला घिऊन नाचत कोण व्हतं? माझा सासरा?"

पण गोष्ट एवढ्यावर मिटली न्हाई. रिंगखात्यातल्या साऱ्या बाप्यांनी दादांना साईडवर पाहिलं होतं. रीलखात्यातल्या साऱ्या बायांनी त्यांना मला घेऊन जाताना पाहिलं होतं. चाऊस म्हणायचा, मी फाटक उघडलं. मुकादम म्हणायचा, मी खूण केली. गिरणीतल्या नवरा-बायकांची यावरून भांडणं व्हायची. आणि वाईट हे झालं, की मुकादम बोलका होता. त्यानं शेठच्या कानावर घातलं. त्या साली खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, शेंदूर लागला, नारळ फुटला, आणि शेठनं सगळ्यांसमोर दादांना जरीचा फेटा बांधला. पोटचं लेकरू मरायला टेकलं तरी ज्यानं साईड सोडली न्हाई, असा कामगार. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दादा काय बोलणार? मी गेल्तो म्हणावं, तर बिगर चिठ्ठीचं काम सोडलं, नोकरी गेली. न्हाई म्हणावं, तर आपल्याच तोंडानं आपण तसला बाप. ते मान खाली घालून उभे राहिले. फेटा घरी आणला तो परत डोक्याला लावला न्हाई. मायनं फाडून माझी दुपटी शिवली, जरीची. आमच्या आळीत माझ्याइतक्या थाटात कुणी शी-शू केली नसेल.

माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा ते आडवं आलं. सासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले होते, "फार जबाबदार घराणं आहे. माणसानं मुलीसाठीसुद्धा काम सोडलं नव्हतं." त्यांना ते गुण म्हणून आवडलं होतं. दादा समोर बसलेले. त्यांनी चहा तसाच खाली ठेवला.

त्यांनी एकदा मला सरळ सांगितलं. "मला साईडवर राहायचं न्हवतं असं न्हाई, बाई. मनात आलंच व्हतं. एक घडी का होईना, मी तुला सोडलंच व्हतं. मंग जो गेला तो मी, का जो राह्यला तो मी? मलाच बराबर सांगता येत न्हाई. सारी गिरणी म्हणते राह्यला. मधलं मला याद न्हाई. कुणावर भरोसा ठेवू?"

हे ओझं घेऊन ते जगले. त्याची एक फार त्रासदायक खूण होती. आमच्या घरात कुणाला दुपारी गाढ झोप लागली, की संपलं. दादा हळूच येणार, नाकाशी बोट धरणार, श्वास पाहणार. आम्ही भावंडं, मंग आमची पोरं, पाहुण्यांची पोरं, एकदा तर विमा विकायला आलेला माणूस सोफ्यावर पेंगला तर त्यालासुद्धा. तो दचकून उठला, आणि दादा म्हणाले, "काही न्हाई, झोपा, झोपा." माझी ड्यूटी संपायच्या वेळी दवाखान्याबाहेर छत्री घेऊन उभे, ऊन असो नसो. मी चिडायची. फिकर करायला माणूस ठेवला असता तर त्याला इतकं काम जमलं नसतं.

मी माझ्या परीनं लॉजिक लावून पाहिलं. पहिलं, करीमचाचांनीच दोन्ही साईडी सांभाळल्या आणि दोस्ताला वाचवायला थाप मारली. दुसरं, जबर धक्क्यानं माणसाच्या आठवणीत खड्डा पडतो, हे मी वॉर्डात पाहिलंय. हे दुसरं खरं असेलही. पण त्यानं दादांचं विसरणं समजतं, मुकादमाचं पाहणं समजत न्हाई. राहिलं पहिलं. ते तपासायची संधी मला मिळाली. चाचा म्हातारपणी पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला माझ्याकडं यायचे. पट्टी बांधता बांधता मी एकदा विचारलंच. ते काय म्हणाले, ते मी दादांना सांगितलं न्हाई. मला वाटलं, उगाच जखम उकरायची. बरीच वर्षं सांगितलं न्हाई.

दादा गेले त्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. माय आधीच गेलेली. दादा माझ्याकडंच होते, अंगात उभं राहायची ताकद नव्हती. सकाळची वेळ. मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात धरला.

"बाई, तू दवाखान्यातली. लोकाईला खोटं सांगायची तुला सवय हाय. मला खरं सांग. आल्तो का मी?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. मरणाऱ्या माणसांना मी हजार वेळा 'बरं वाटेल' म्हणालेय, जीभ अडखळली न्हाई. पण या माणसाला नुसतं 'हो' पुरलं नसतं. माय जन्मभर 'आल्ते' म्हणत राहिली, ते कुठं पुरलं होतं? मी वाटी खाली ठेवली.

म्हटलं, "दादा, मी करीमचाचांना विचारलं होतं. तुम्ही दोन्ही साईडी सांभाळल्या का म्हणून. ते म्हणाले, 'बेटी, उस धूप में मेरी एक साईड मेरे से नहीं संभलती थी, दूसरी कहाँ से संभालूँ?' मंग मी विचारलं, तुम्ही त्याचं तोंड पाहिलं का?"

दादांनी डोळे माझ्यावर रोखले.

"ते म्हणाले, पाहिलं. बिडी द्यायला गेले तेव्हा अगदी समोरून पाहिलं. तोंड तुमचंच होतं. पण चाचा म्हणाले, 'उस चेहरे पे फिकर नहीं थी. बिलकुल नहीं. तुम्हारे बाप को मैं जवानी से जानता, ऐसा बेफिकर आदमी मैं उनमें कभी नहीं देखा.' म्हणून त्यांना जास्त भीती वाटली होती. केसांच्या रुईची न्हाई."

 

"बिलकुल फिकर न्हवती?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई."

"पोरगी मरून राह्यली, अन् फिकर न्हाई?"

"न्हाई म्हणाले चाचा."

त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं, ते मी पुसलं. "मंग तो मी न्हवतो," ते म्हणाले. त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं आणि राहिलेली पेज घेतली. त्या दुपारी मी खोलीत जरा कलंडले, तर डोळा लागला. बऱ्याच वेळानं जाग आली. नाकाशी कुणाचं बोट नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. दादा कुशीवर वळून घोरत होते.

तर हे असं आहे. दादांची जागा घेऊन वैशाखातल्या त्या दुपारी साईडवर कोण उभं होतं, मला ठाऊक न्हाई. तो आला कुठून, भोंगा झाल्यावर गेला कुठं, तारा का तुटल्या न्हाईत, हेही ठाऊक न्हाई. तुमच्यापैकी हुशार लोक खाली स्पष्टीकरण लिहितीलच, नात मला वाचून दाखवेल. पटलं तर पटलं म्हणेन. फक्त एक सांगते, तो वाईट होता असं कुणी लिहू नका. तो तिथं थांबला, म्हणून माझा बाप तिथून निघू शकला.